कोऱ्या टाचा

"कुणी पाडलं? कुणी पाडलं ते? तोंडं शिवली का तुमची? मी विचारतोय, कुणी पाडलं?"

बाबांचा हा आवाज आतल्या खोलीतून आला तेव्हा पडलेली पळी स्वयंपाकघराच्या फरशीवर अजून गरगरत होती. दुपारचे दोन वाजले असतील. आई ओट्याशी वरणाचं पातेलं धरून उभी, आणि मी दाराच्या चौकटीत. पळी माझ्याच हातून पडली होती. बाबांच्या आवाजाबद्दल सांगायचं तर आमचा फ्लॅट सिंगापूरच्या पूर्व टोकाला, बेडोकला, सहाव्या मजल्यावर. तो आवाज लागला की चौथ्या मजल्यावरच्या मिस्टर लिमचे पिंजऱ्यातले पक्षी गाणं अर्ध्यात सोडत, खाली कॉफीशॉपमधले म्हातारे पेले हातात तसेच धरून वर बघत, आणि लांब समुद्रात उभी असलेली जहाजं आपापला नांगर नीट लागलाय ना ते एकदा चाचपून घेत. यातलं शेवटचं मी स्वतः पाहिलेलं नाही. पहिली दोन खरी आहेत.

दार उघडायच्या आत माझी तयारी झालेली असायची. म्हणजे श्वास बंद, पोट आत, दात दातांवर, आणि दोन्ही टाचा जमिनीपासून वर. हे मी ठरवून करत नव्हते. पंख्याचं बटण दाबल्यावर पंखा काही ठरवतो का, तसं. मग बाबा दारात आले की माझं तोंड आपोआप चालू व्हायचं. त्या दिवशी मी सांगितलं की मिस्टर लिमचा एक पक्षी पिंजऱ्यातून सुटून आमच्या खिडकीतून आत आला, ओट्यावर बसला, पळीच्या दांड्याला चोच मारली आणि आला तसा उडून गेला. पक्षी केवढा होता, शेपटी कुठल्या रंगाची होती, जाताना माझ्याकडे कसा वळून बघत होता, सगळं. बाबा ऐकत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला, खिडकीच्या जाळीत फट कुठे आहे ते त्यांनी हात फिरवून पाहिलं, आणि स्क्रू ड्रायव्हर आणायला गेले. आईने पातेलं खाली ठेवलं. ठेवताना आवाज झाला नाही.

मी थापा मारते अशी माझी उभ्या सिंगापूरच्या मराठी मंडळींत ख्याती आहे. लोक मला घरी बोलावतात ते त्यासाठीच, आणि जेवण झाल्यावर खुर्ची मध्ये ओढून बसवतात. ही विद्या मी कुठे शिकले ते आजवर कुणी विचारलेलं नाही. तिथे शिकले, त्या चौकटीत. आईपर्यंत तो आवाज पोचायच्या आत मध्ये एखादा पक्षी सोडायचा, एखादं माकड, एखादा लिफ्टमध्ये अडकलेला जाडा इन्स्पेक्टर. लहानपणी माझ्या पक्ष्यांची शेपटी जितकी लांब असे तितकी ती दुपार बरी जाई.

बाबा जहाजावर चीफ इंजिनिअर होते. सहा महिने पाण्यावर, तीन महिने घरी. घरी आले तरी झोप जहाजाचीच, कधी सकाळी लागायची, कधी दुपारी, आणि तेवढा वेळ आमचं घर म्हणजे शाळेतला परीक्षेचा हॉल. कुकरची शिट्टी वाजायची म्हणून आई डाळ उघड्या पातेल्यात शिजवायची, तास-तासभर. फोडणी टाकली की तडतडण्याआधी झाकण. खुर्च्यांच्या पायांना जुन्या रबरी चपला कापून चिकटवलेल्या. पापड आम्ही चोखून खात असू. आता हे मी वाढवून सांगते असं वाटेल, पण तुम्ही एकदा उडदाचा पापड चोखून बघा, जमतो. फक्त वेळ लागतो आणि मीठ शेवटी लागतं.

बाबांनी आम्हाला कधी मारलं नाही, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. एकदा चहाचा कप भिंतीवर गेला होता, तेवढंच. आणि यंत्रांच्या बाबतीत तो माणूस हळवा होता. आमच्या जुन्या फ्रिजला हाताची मागची बाजू लावून डोळे मिटून उभे राहायचे. इंजिनरूममधली सवय, तळव्यापेक्षा हाताच्या पाठीला गरम-गार लवकर कळतं म्हणे. मग म्हणायचे, याला दम लागतोय, जरा भिंतीपासून पुढे ओढा. फ्रिज पुढे ओढला की खरंच त्याची घरघर कमी व्हायची. त्याच फ्रिजच्या दोन हातांवर आई उभी असायची, मी असायची. आम्हाला दम लागलाय हे त्या हाताला कधी कळलं नाही. मला पुष्कळ वर्षं त्या फ्रिजचा हेवा वाटे, हे मात्र अक्षरशः खरं आहे.

बाहेर काय सांगायचं ते आईने ठरवून टाकलं होतं. इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं, कान गेलेत बिचाऱ्यांचे, म्हणून मोठ्याने बोलतात. आमच्यात निम्म्या घरांतले पुरुष जहाजावर नाहीतर शिपयार्डात, त्यामुळे कानांची कथा प्रत्येकीला माहीत. कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. उलट लोक जपायचे. गणपतीत एक काकू बाबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायच्या, "भाऊजी, मोदक घ्या!" आणि बाबा दचकून हातातली वाटी सांडायचे. आई मान खाली घालून पुसायची. बाबांचे कान कसे होते सांगू? दोन खोल्या पलीकडे कुणी चमचा ताटात ठेवला, तर तो ताटाच्या कडेला ठेवला की मध्ये, हे त्यांना झोपेत कळायचं.

सतरा वर्षांची होईपर्यंत मी चवड्यांवर चालत असे. घरात तर चालतच असे, पण पुढे शाळेत, बाजारात, बसच्या रांगेतही. माझ्या टाचा दुकानातून आणल्यासारख्या कोऱ्या होत्या. पोटऱ्या लाकडाच्या. भूक लागलीय की नाही हे मला घड्याळात बघून कळायचं. एकदा शाळेचा युनिफॉर्म इस्त्री करताना करपल्याचा वास आला, मी कापड उलटसुलट करून पाहिलं, कापड ठीक होतं. इस्त्री माझ्या मनगटाला टेकली होती. आईने तूप लावलं. तो डाग आजही आहे, आणि लोकांना मी तो मगरीचा म्हणून सांगते.

माझी मुलगी मुक्ता फिजिओथेरपिस्ट आहे. इथेच जन्मली, इथेच शिकली, मराठी समजतं पण उत्तर तिचं इथल्या इंग्रजीत. परवाच ओट्याशी मी भाजी परतत असताना मागून म्हणाली, "आई, युअर हील्स अगेन, लाह." मी खाली पाहिलं तर खरंच, साठीची बाई, आणि टाचा फरशीपासून बोटभर वर. घरात आम्ही दोघीच होतो. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. मुक्ता म्हणते, लहान वयात अंग जे शिकतं ते अंगालाच परत शिकवावं लागतं, नुसतं बोलून उपयोग नाही. तिच्याकडे याला मोठं नाव आहे, पुस्तकं आहेत. मी तिला म्हटलं, बाळा, तुझ्या पुस्तकाआधी आमच्याकडे इंदूमावशी होती.

इंदूमावशी राहायची बुकित बातोकला, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला. नवरा तुआसच्या शिपयार्डात फोरमन. मावशी देहाने अशी की लिफ्टमध्ये ती शिरली की बाकीचे आपणहून जिन्याने जात. हसली की तिच्या दंडावरचं मांस वेगळं हसायचं. मी सतरा वर्षांची झाले त्या वर्षी आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एक नवी नवरी आली होती, लग्नानंतरचा पहिलाच श्रावण, तेव्हा तिची मंगळागौर करायची असं बायकांनी ठरवलं. खेळ शिकवायला इंदूमावशी. पहिली तालीम नवरीच्या फ्लॅटमध्ये झाली आणि दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरची चिनी आजी छत पडतंय का बघायला वर आली. मग तालीम गेली आमच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर. आमच्याकडे प्रत्येक ब्लॉकच्या तळाला खांबांमधली जागा मोकळी सोडलेली असते, लग्न असो की मयत, तिथेच. शनिवारी दुपारी चारला तिथे पंधरा-वीस बायका चपला काढून सिमेंटवर उभ्या राहायला लागल्या. बाबा जहाजावर होते. आई मला बरोबर न्यायची, पण स्वतः खांबाला टेकून बसायची, चपला सांभाळायला. तिला कुणी विचारलं की पाय दुखतात म्हणायची.

मावशीने मला पहिल्या दिवशी झिम्म्यात घेतलं आणि दोन टाळ्यांत थांबवलं. माझ्याभोवती एक फेरी मारली, पायांकडे पाहिलं, मग वाकून, एवढा देह वाकवून, माझा घोटा धरला. म्हणाली, "टाच टेकव." मी टेकवली असं मला वाटलं. "टेकव गं. जमीन काय चावतेय?" बायका हसल्या. मी लगेच गोष्ट सुरू केली, आमच्या शाळेत बॅलेची बाई कशी होती आणि तिने मला चवड्यांवर उभं राहायला कसं शिकवलं. मावशीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, छान आहे गोष्ट. आता टेकव.

दोन शनिवार मला तिने दुसरं काही करू दिलं नाही. बाकीच्या फेर धरून नाचताहेत, आणि मी कोपऱ्यात उभी, पाय आपटत. अख्खा पाय, टाचेसकट, धप. पुन्हा धप. पहिल्या धपला मी स्वतःच दचकून वर पाहिलं, सहाव्या मजल्याकडे, जिथे त्या वेळी कुणीच नव्हतं. खांबाशी आईनेही वर पाहिलं. मावशीने ते दोन्ही पाहिलं. तिने फक्त आपला पाय माझ्या पायाशेजारी आणून आपटला. तो आवाज मी कसा सांगू? माझ्या पोटापर्यंत आला. मग आम्ही दोघी आपटत राहिलो. माझ्या पोटऱ्या आधी जळल्या, मग थरथरायला लागल्या, मग ती थरथर मांड्यांत, पाठीत, हनुवटीत चढली, थांबवता येईना. दात वाजत होते, सिंगापूरच्या त्या उकाड्यात. मला वाटलं मला फिट येतेय. मावशी हळू आवाजात म्हणाली, होऊ दे, थांबवू नकोस, तोंडाने फू कर. फुगडीत बायका तोंडाने फू फू करत घुमतात, पकवा म्हणतात त्याला, ते. मी तोंड उघडलं आणि सतरा वर्षांचा श्वास बाहेर आला. मी दरवेळी वाढवून सांगते, म्हणून इथे कमी करून सांगते: श्वास बाहेर आला.

आणि मग मला भूक लागली. घड्याळात न बघता. मावशीने बुकित बातोकहून स्टीलच्या डब्यात दडपे पोहे आणले होते, कांदा, खोबरं, वरून पोह्याचा पापड चुरलेला. मी पायरीवर बसून खाल्ले. तो पापड दातांखाली कुरकुरत होता, मला माझ्याच डोक्यात त्याचा आवाज येत होता, आणि मी एकदम रडायला लागले. पोहे तोंडात असताना रडणं हे फार गैरसोयीचं काम आहे, ते मी कुणाला सुचवणार नाही. आई उठून जवळ आली, पाठीवर हात ठेवू की नको असा तिचा हात हवेत राहिला. मावशीने तिचा तो हात धरला आणि म्हणाली, पुढच्या शनिवारी तू पण चपला काढ.

इथून पुढचं मी मापात सांगणार आहे. यात पक्षी नाहीत.

पुढच्या शनिवारी आईने चपला काढल्या. पाय धुतल्यासारखे पांढरे, टाचा माझ्यासारख्याच. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मावशीने आम्हा दोघींना फुगडीला उभं केलं. ज्यांनी फुगडी घातली नसेल त्यांना सांगते: समोरासमोर उभं राहायचं, पायाला पाय, हातांची अढी घालून एकमेकींचे घट्ट धरायचे, आणि मग मागे झुकायचं, पूर्ण, सगळं वजन सोडून. एकीने दुसरीला तोलून धरलेलं असतं. एकीने हात सोडला की दोघी पडतात, डोकं मागे आपटतं. त्यामुळे अर्धवट झुकलं तर फुगडी होतच नाही. आई आधी झुकेना. मावशी तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मग आई झुकली, आणि माझ्या हातांत तिचं वजन आलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की माझ्या आईला वजन आहे. आम्ही फिरायला लागलो. बाकीच्यांनी भोवती टाळ्या धरल्या. फू, फू. आईचा पदर सुटला होता, तोंड उघडं होतं, ती हसत होती की ओरडत होती ते फिरताना कळत नव्हतं.

तेव्हा बाबांचा आवाज आला.

त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी आदल्या दिवशी तुआसला लागलं होतं. कळवायचं त्यांना सुचलं नसेल. हातात बॅग घेऊन ते वर गेले, घराला कुलूप, खाली आले, आणि खांबांच्या त्या टोकाला उभे राहून आईच्या नावाने ओरडले. हा काय तमाशा चाललाय, घरदार टाकून रस्त्यावर नाचायला लाज कशी वाटत नाही, असं सगळं. त्या सिमेंटच्या छताखाली तो आवाज घुमला. टाळ्या थांबल्या. आणि माझ्या हातांत आईची बोटं सैल पडायला लागली.

आम्ही अजून फिरत होतो. फुगडी अशी एकदम थांबत नाही. आईचे डोळे माझ्यावर होते आणि मला दिसत होतं की ती आता सरळ उभी राहणार, हात सोडणार, आणि ज्या वेगात आम्ही होतो त्या वेगात पाठीमागे सिमेंटवर जाणार. माझ्या तोंडात गोष्ट तयार होती. सवयीने आलीच होती, नवरीची सासू, डॉक्टर, काहीतरी. मी ती बोलले असते तर बाबा ऐकत थांबले असते. पण बोलायला मला सरळ व्हावं लागलं असतं, म्हणजे मीच आधी हात सोडला असता. मी टाचा दाबल्या. पोटातून फू केलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि आईची मनगटं धरली, बोटं नव्हे, मनगटं, आणि आणखी मागे झुकले.

आई आली. तिनेही वजन टाकलं. तिचंही फू ऐकू आलं. बाबा पुन्हा ओरडले, तिसऱ्यांदाही ओरडले, प्रत्येक फेरीला ते एकदा माझ्या डोळ्यांसमोरून जात होते, बॅग, पांढरा शर्ट, उघडं तोंड. एका बाजूने मावशीने टाळी सुरू केली, एकटीने, मग दुसरीने. किती फेऱ्या झाल्या ते मी आजवर चाळीसपासून दोनशेपर्यंत काहीही सांगत आले आहे. दहा-बारा असतील. मग वेग आपोआप कमी झाला आणि आम्ही दोघी उभ्या राहिलो, पायांवर, पडलो नाही. मी खांबांकडे पाहिलं तेव्हा बाबा तिथे नव्हते. आम्ही वर गेलो तेव्हा कुलूपबंद दारासमोर सहाव्या मजल्यावर बॅगेवर बसले होते.

त्यानंतर आमच्या घरात सगळं बदललं असं लिहिता आलं असतं तर हे प्रकरण फार सुंदर झालं असतं. तसं झालं नाही. बाबा पुढच्या आठवड्यातही ओरडले आणि माझ्या टाचा वर गेल्या. फरक एवढाच की आता मला त्या गेलेल्या कळायच्या. कळल्या की खाली घ्यायच्या, इतकं काम मला मिळालं, आणि ते मी अजून करते आहे. मुक्ता माझ्या पोटऱ्या दाबते तेव्हा कधी कधी ती जुनी थरथर येते. मी थांबवत नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. वर आल्यावर आईने कुलूप काढलं, हातपाय धुतले, आणि माळ्यावरचा कुकर खाली काढला. बाबा घरात असताना. डाळ लावली. मी शेजारी उभी राहून कोथिंबीर निवडत होते, टाचा फरशीवर, फरशी गार होती. पहिली शिट्टी झाली तेव्हा माझ्या हातातली काडी मोडली. आई हलली नाही. दुसरी झाली. तिसरी झाली. मग आतल्या खोलीतून पावलं आली आणि बाबा दारात उभे राहिले. ओरडले नाहीत. एका हाताची पाठ त्यांनी चौकटीला टेकवली होती, जणू आतून काही कळतंय का बघत होते.

"मी खाली एवढा हाका मारत होतो," ते म्हणाले. "तुम्हाला ऐकू आलं नाही का?"

आईने गॅस बंद केला, फडकं घेतलं, आणि कुकर खाली उतरवला.

"आलं होतं," ती म्हणाली.